किती थांबली

मला पगार मिळायचा खोटी नावं सांगायचा.
चेंबूरला, तिसऱ्या मजल्यावर,
खालच्या इस्त्रीवाल्याच्या कोळशाचा वास येणाऱ्या खोलीत,
सकाळी मी गार्गी दामले,
चहानंतर करुणा वाघमारे,
जेवणानंतर नाझनीन मुकादम,
ऊन कललं की विटोली सुमी.
बँकेत नोकरी, एकटी, वन बीएचके, पंचवीसपर्यंत.
वाक्यं तीच. स्वल्पविरामसुद्धा तेच.
"आवाज एक, नावं चार," कोतवाल मॅडम म्हणायच्या,
"म्हणजे जो काही फरक पडेल, तो पलीकडचा."

पलीकडे मुलुंड, चारकोप, माहीम, नाहूर.
दामलेला विचारायचे, बघायला कधी येताय.
वाघमारेला, मूळ गाव कुठलं,
आणि मग गावाबद्दल आणखी थोडं, उगाचच.
मुकादमला, आमचं काही नाही हो, पण कमिटी.
सुमीला, मॅडम, किचनमध्ये वासाचं काही करता का,
आणि मित्रबित्र येतात?
मी नोंदत गेले. हो, एक. नाही, दोन.
कळवतो, तीन.

चारशे बारा फोन.
दलाल मला दिसायला लागले होते:
पोट, अंगठी, गाडीच्या काचेवरचा देव.
एकालाही मी पाहिलं नव्हतं
आणि पाहायची गरजही वाटली नव्हती.

रोशन तुस्कानो वसईहून यायचा, डब्यात सुकट,
कानाला दिवसभर हेडफोन.
माझी रेकॉर्डिंगं कागदावर उतरवायचा.
शब्द तर उतरवायचाच,
पण माणसं गप्प बसतात तेही सेकंदांत मोजायचा.
एका बुधवारी म्हणाला,
"हे तूच ऐक. मी काही बोलत नाही."

दामले नाव सांगते. दलाल गप्प.
ती थांबते. चार सेकंद. साडेचार. पंखा ऐकू येतो.
मग तो: हां, आहे एक जागा.

मुकादम नाव सांगते. दलाल गप्प.
दीड सेकंद.
आणि माझा आवाज, मऊ, कसला समंजस:
"काही हरकत नाही, असू दे, थँक्यू हं."

पुन्हा लावलं. पुन्हा दीड.
वाघमारेला दोन.
सुमीच्या तर तोंडी मी सुरुवातीलाच
"सॉरी, त्रास देते" घातलं होतं,
जे कागदावर कुठंच नव्हतं.
असे सदतीस निघाले,
ज्यांत नाही म्हणणारी मी,
आणि दोनचा आकडा त्याच्या नावापुढे
माझ्या सुवाच्य अक्षरात.

बाकीचे नकार खरे होते, हेही सांगून ठेवते.
त्यांना या सदतिसांच्या आड लपू देऊ नका.

मॅडम रागावल्या नाहीत. त्याचाच जास्त त्रास झाला.
चष्मा पुसत म्हणाल्या, "एक रकाना वाढव.
फोन करणारी किती थांबली."

माझं आडनाव मी इथं लिहीत नाहीये.
तुम्ही केव्हापासून अंदाज बांधताय.
बांधा.

सहाच्या सुमाराला ऑफिसचा मोबाइल वाजला.
चारकोपचा खानविलकर.
"नाझनीन मॅडम ना? परवा तुम्ही फार घाईत ठेवलात.
मालकीण बाजूलाच होती, मी हातानं खुणावून विचारत होतो तिला.
चालेल म्हणाली ती. फक्त पाणी सकाळी सहालाच येतं,
तेवढं बघा जमतंय का."

आमचा नियम असा, की म्हणायचं, जागा मिळाली.
तोंड उघडलं.
कुठल्या आवाजात म्हणायचं ते सापडेना.
गार्गीचा जवळ होता, पण ही तिची जागा नव्हती.
रोशननं हेडफोन गळ्यात ओढला
आणि सवयीनं त्याचं बोट टेबलावर पडू लागलं,
चार.
पाच.
सहा.

"हॅलो," खानविलकर म्हणाला,
"मॅडम, आहात ना?"